पिंजणखात्यातली हवा

माझं काम काय होतं असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, धूळ झटकायचं. नायमेखन या डच शहरातल्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षं हेच केलं आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. खामगावच्या माझ्या मावश्यांना वाटायचं, एवढी इंजिनिअर झालेली पोरगी परदेशात जाऊन फरशी पुसते. त्यांचं अगदीच काही चुकत नव्हतं. फरशी मी पुसलेली आहे, भिंती पुसल्या आहेत, यंत्रांच्या पोटात डोकं घालून पुसलं आहे, आणि कसं पुसायचं याचे वर्ग घेऊन मोठ्या मोठ्या पदव्यावाल्यांना रडकुंडीला आणलं आहे. मी खडूस बाई म्हणून प्रसिद्ध होते. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चिपवर ज्या रेघा कोरतात त्या आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. त्यावर एक कण पडला तरी घाटात दरड कोसळावी तसा रस्ताच बंद होतो. म्हणून हे काम क्लीनरूममध्ये चालतं. तिथली हवा छतातल्या गाळण्यांमधून सरळ खाली येते आणि जमिनीतल्या भोकांतून निघून जाते. आत जाताना पांढरा झगा, टोपी, मास्क, बूट, हातमोजे. दिसतात ते फक्त डोळे. आणि एवढं करून धूळ येते कुठून, असं मी प्रत्येक नव्या माणसाला विचारायची. सगळे म्हणायचे, बाहेरून, रस्त्यावरून. नाही हो. धूळ येते आपल्यातून. आपली कातडी, केस, कपड्यांचे धागे. माणूस नुसता शांत बसला तरी त्याच्या अंगावरून कणांचा पाऊस चालू असतो. म्हणून आत धावायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खाजवायचं नाही, आणि पावडर लावून तर यायचंच नाही.

पावडर म्हटलं की मला पुण्याहून आलेला अमेय आठवतो. पोरगा हुशार, नम्र, पहिल्याच दिवशी वेळेआधी हजर. तो आत गेला आणि कण मोजायचं यंत्र बोंबलायला लागलं. त्याला बाहेर काढला, झगा बदलला, पुन्हा आत पाठवला, पुन्हा बोंब. शेवटी मी त्याला बाजूला घेऊन मराठीत विचारलं, "अमेय, खरं सांग. खिशात काय आहे?" तो लाजून लाल झाला. आतल्या शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी निघाली. आईनं पहिल्या दिवसासाठी अंगारा दिला होता. पुडी फाटली होती आणि पठ्ठ्या हलला की गणपतीचा प्रसाद बाह्यांतून साऱ्या क्लीनरूमला वाटला जात होता.

"मीनाताई, नोकरी जाईल का माझी?" त्यानं विचारलं.

"नोकरी नाही जात. पण देवाला बाहेर बसव," मी म्हटलं आणि ती पुडी माझ्या कपाटात ठेवली. माझ्या डच साहेबाला मी कारण लिहून दिलं, "राख." त्यानं विचारलं, हा मुलगा सिगारेट ओढतो का? मी म्हटलं, नाही, त्याची आई काळजी करते. साहेबाला काही कळलं नाही, पण त्यानं सही केली.

हौसेचं म्हणाल तर मीही बरंच सोडलं. कुंकू नाही, काजळ नाही, रांगोळी फक्त लांब सुट्टी असेल तेव्हा. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तर आधी विचार यायचा, उद्या कामाची पाळी आहे का. याची खंत आहे. त्याहून मोठी खंत म्हणजे ज्या माणसांबरोबर आयुष्य काढलं त्यांचे चेहरे मला नीट ठाऊक नाहीत. मी माणसं ओळखायची ती चालीवरून आणि भुवयांवरून. जेवणाच्या टेबलावर कुणी उघड्या चेहऱ्यानं समोर आलं की क्षणभर मला वाटायचं, हे कोण बुवा?

हेंक मात्र मला लांबून, पाठमोराही ओळखू यायचा. हेंक हवेचा माणूस. छतातल्या गाळण्या, पंखे, हवेचा दाब, सगळं त्याच्या हातात. मी मोजायची आणि ओरडायची, तो दुरुस्त करायचा आणि पुटपुटायचा. आमचं भांडण रोजचं होतं आणि त्याच्याशिवाय दोघांचाही दिवस सुना जायचा. तो इतका काटेकोर की मी त्याला कधी एकही गोष्ट दोनदा सांगितली नाही. धुळीचा इतका राग मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. मला वाटायचं, स्वभाव असेल. आम्ही इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण घरचं असं काही बोललो नाही. मास्कमधून गप्पा मारायला बंदी होती हेही एक कारण.

तो माझ्या आधी निवृत्त झाला आणि ब्राबांट प्रांतातल्या आपल्या मूळ गावी परत गेला. या वसंतात त्याचा फोन आला. "मीना, मी आता कलाकार झालोय. हसू नकोस. ये आणि बघ. येताना तुझा टॉर्च आण."

मी हसले. टॉर्च मात्र पिशवीत टाकला.

स्टेशनवर हेंक सायकल घेऊन उभा होता. मास्क नसलेला, दाढी वाढलेला, अंगात जाडजूड लोकरी स्वेटर. असा स्वेटर आमच्याकडे कुणी घालून आला असता तर यानंच त्याला फाटकातून परत पाठवलं असतं. कालव्याच्या कडेनं आम्ही चालत निघालो. पाणी हलत नव्हतं. बदकंसुद्धा झोपेत पोहल्यासारखी चालली होती. वळणावर लाल विटांची एक लांबच लांब भिंत आली, तिच्यामागे उंच धुराडं, आणि धुराड्याच्या टोकावर करकोच्याचं घरटं.

ही जुनी सुताची गिरणी. गिरणी बंद पडून जमाना झाला. मग ती नुसतीच उभी होती, छतातून झाडं उगवली होती. पुढे काही चित्रकार, कुंभार, सुतार मंडळींनी खेमेन्तेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, ती भाड्यानं मागून घेतली. आता तिथं त्यांचं गाव वसलं आहे. गावच म्हणायचं. बॉयलरच्या खोलीत एक बाई काच फुंकते. रंगखात्यात चित्रकार बसतात, आणि तिथल्या फरशीवर निळ्या-तांबड्या रंगाचे जुने ओघळ इतके सुंदर मुरले आहेत की वर टांगलेल्या चित्रांपेक्षा मी खालीच बघत राहिले. अंगणात वाळत घातलेले कपडे, कोंबड्या, लाकडाचा भुसा, मातीनं माखलेली मुलं. कुणी घाईत नव्हतं. कुठून तरी बासरी ऐकू येत होती आणि वाजवणारा सारखा त्याच त्या ओळीवर अडत होता, पण कुणाची तक्रार नव्हती.

आणि धूळ! बाई गं. खिडकीच्या कडांवर धूळ, जिन्यावर धूळ, माझ्या कॉफीच्या कपावर मातीचा अंगठा. माझा हात सवयीनं सारखा रुमालाकडे जायचा. थोड्या वेळानं मी तो नाद सोडला आणि मला एकदम हलकं वाटलं. खामगावात आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे होतं. हंगामात जिनिंग चालू झालं की सगळ्या गल्लीत तंतू तरंगायचे, केसांत बसायचे, वरणात पडायचे. लहानपणी मला ते फार आवडायचं. इथं त्या अंगणात बसून मला तंतूंनी भरलेला तो उन्हाचा उजेड परत दिसला.

हेंकनं त्याची खोली दाखवली. आत जाऊन मी बघतच राहिले. आमच्या कारखान्यातल्या गाळण्यांचा पांढरा कागद, न वापरलेला, टाकाऊ म्हणून निघालेला, त्यानं मागून आणला होता. त्याच्या घड्या घालून, बारीक तारांवर तोलून त्यानं मोठे मोठे पंख केले होते. पंख दोऱ्यावर टांगले होते. मी श्वास सोडला तर समोरचा पंख हळूच वळला.

"आयुष्यभर हवा सांभाळली. कुणाला दिसली नाही. म्हटलं आता दाखवावी," हेंक म्हणाला.

मला भरून आलं. मी त्याला तसं सांगितलंही. तो भुवया वर करून दुसरीकडे बघायला लागला.

एवढ्यात आनमिक आली. ही या गावाची कारभारीण, उंच, बडबडी, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिनं मला मोठ्या उत्साहानं सांगितलं की उन्हाळ्यात गाव सगळ्यांसाठी खुलं करतात, आणि यंदा सगळ्यात मोठं दालन हेंकला दिलं आहे. "पण हा अजून आत पाऊल टाकत नाही! दुसऱ्या कुणाला द्यायचं तर मला पुढच्या आठवड्यात सांगायला हवं. तू जरा समजाव त्याला."

मी हेंककडे पाहिलं. तो म्हणाला, "चल."

दालनाचं दार लोखंडी होतं. हेंकनं ते सरकवलं आणि स्वतः बाहेरच उभा राहिला. मी आत गेले. लोखंडी खांबांच्या रांगा, करवतीच्या दातांसारखं छत आणि त्या दातांमधून उत्तरेचा मऊ, सावली न पाडणारा उजेड. यंत्रं कधीच गेलेली. फरशीवर त्यांच्या पायांच्या जागा तेवढ्या राहिल्या होत्या. चालताना माझ्याच पावलांचा आवाज मला उशिरा ऐकू येत होता.

"हे पिंजणखातं," हेंक दाराबाहेरून म्हणाला. "कापूस पिंजून त्याचे पेळू करायचे. माझा पा, माझा बाप, इथं कामाला होता."

मग त्यानं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वडील शाळा सोडून इथं लागले ते छाती निकामी होईपर्यंत. खात्यात समोरचा माणूस दिसायचा नाही इतके तंतू उडायचे. रविवारी घरी वडिलांना जरा बरं वाटायचं. सोमवारी पुन्हा छाती आवळायची. गिरणीतले लोक त्याला सोमवारची छाती म्हणायचे आणि त्यावर विनोद करायचे. घरात रात्रंदिवस तो खोकला. हेंक शाळेत जाणारा होता तेव्हा वडील गेले.

"मग मी हवेच्या कामाला लागलो," तो म्हणाला. "आता तू सांग मीना. ही हवा स्वच्छ आहे का? तू सांगितलंस तर मी पंख इथं टांगतो. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

कण मोजायचं एक जुनं यंत्र त्यानं आधीच मिळवून ठेवलं होतं. मी मोजलं. रस्त्यावरच्या हवेहून थोडी स्वच्छच होती. मी तसं सांगितलं. हेंक मान हलवत राहिला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"आकडा नको. टॉर्च लाव," तो म्हणाला.

हे आमच्या धंद्यातलं जुनं तंत्र. धूळ समोरून बघितली तर दिसत नाही. अंधार करायचा आणि उजेड अगदी आडवा टाकायचा. मग जे आहे ते सगळं दिसतं. मागोमाग आलेल्या आनमिकनं छताच्या खिडक्यांचे काळे पडदे ओढले. मी टॉर्च खांद्याशी आडवा धरला. उजेडाचा एक लांब पट्टा दालनभर गेला आणि त्यात कण तरंगायला लागले. असंख्य, सोनेरी, निवांत. वर जात होते, थांबत होते, आपसात फिरत होते. कारखान्यात असं काही दिसलं असतं तर मी सगळी यंत्रं थांबवली असती. इथं मी टॉर्च धरून मंत्रावल्यासारखी उभी राहिले.

दारातून हेंकचा आवाज आला, अगदी बारीक. "तो आहे. मीना, तो अजून इथंच आहे."

हो म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण या माणसानं आयुष्यभर माझ्या मोजमापावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्याला गोड खोटं सांगायची मला लाज वाटली.

"हेंक, हा तो नाही," मी म्हटलं. "तेव्हाची धूळ इतका काळ हवेत राहत नाही, तुला माहीत आहे. हे तुझ्या स्वेटरचे धागे आहेत. ही माझी ओढणी आहे. ही आनमिकची कातडी आहे. हवेत आहोत ते आपणच आहोत."

आनमिकनं पडदे उघडले. उजेडात मला त्याचा चेहरा दिसला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला आत यायची भीती वाटत होती ती धुळीची नव्हतीच. आत आल्यावर वडील नसतील, याची होती. मी त्यांना एका वाक्यात घालवलं होतं.

"काहीच नाही उरलं?" त्यानं विचारलं.

मी वर बघितलं. खांबांवरून जाणाऱ्या लोखंडी तुळया होत्या. त्यांच्या वरच्या अंगाला कुणाचा हात पोचला नसणार. आनमिकनं चाकांची शिडी आणली. या वयात, गुडघे दुखत असताना, मी वर चढले. तुळईच्या पाठीवर करड्या रंगाचा, तळव्याएवढा जाड, मऊ थर होता. मी चिकटपट्टी लावून थोडा उचलला, खाली आणला आणि पिशवीतल्या भिंगाखाली धरला. कापसाचा तंतू ओळखायला सोपा असतो. चपटा, पीळ पडलेल्या रिबिनीसारखा.

"हा तेव्हाचा," मी म्हटलं.

हेंक आत आला. भिंगातून बराच वेळ बघत राहिला. मग मान वर करून तुळया बघत दालनभर फिरला. मला वाटलं, चला, जमलं. गंगेत घोडं न्हालं.

पण आनमिक कारभारीण होती. तिनं विचारलं, "पंख याच तुळयांना टांगायचे आहेत ना? मग हे खाली पडेल का? मुलं येतील, म्हातारी माणसं येतील. विषारी नाही एवढं खेमेन्तेनं तपासलंय. पण तू यातली जाणकार आहेस. साफ करायला हवं का?"

हेंक माझ्याकडे बघत होता. त्याला काय ऐकायचं होतं ते त्याच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं, आणि ते डोळे वाचायची मला सवय होती. त्याला आत्ताच तर वडील सापडले होते. मला त्या क्षणी माझ्या कामाचा मनापासून राग आला.

"करायला हवं," मी म्हटलं. "दोरा हलला की थर हलणार. इथं पुन्हा कुणी ते छातीत घेता कामा नये."

हेंक बाहेर निघून गेला. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. हिरवी सपाट शेतं आणि पाण्याचे पट्टे मागे जात होते आणि मला रडू येत होतं. मी मनात म्हटलं, मीनाक्षीबाई, निवृत्त झालात तरी खोड जात नाही. एक मित्र होता, तोही घालवलात.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सफाईवाल्या कंपनीला सांगितलं तर ते मोठा पंखा लावून सगळं उडवतील. मला ते चालणार नाही. आपण करू. आपल्या पद्धतीनं."

आपल्या पद्धतीनं म्हणजे काय ते सांगते. वरून खाली. आतून दाराकडे. ओलसर फडका, घडी घातलेला. एकाच दिशेनं एक हात फिरवायचा, पुढचा हात आधीच्या हातावर थोडा चढवायचा, मागे पुढे घासायचं नाही. एक बाजू मळली की घडी उलटून स्वच्छ बाजू वर, मळ आत. माझी आई शेणानं जमीन सारवायची ती अशीच, मागे सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत. कंपनीच्या वर्गात मी हे कधी सांगितलं नाही, पण मी शिकले ते तिच्याकडून.

आम्ही पांढरे झगे घातले, मास्क लावले. काचवाली बाई बघायला आली आणि आम्हाला बघून पोट धरून हसली. मग आनमिकनं दार लावून घेतलं. दिवसभर आम्ही बोललो नाही. चाकांच्या दोन शिड्या, एका तुळईवर तो, दुसरीवर मी. वरून तो करडा मऊ थर फडक्यावर अलगद उतरत होता. एकही तंतू खाली पडू द्यायचा नाही असं आम्ही ठरवलेलं नव्हतं, पण दोघेही तसंच करत होतो. छतातला उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकत गेला. किती वेळ गेला ते कळलंच नाही. इतक्या निवांतपणे मी नोकरीत कधी पुसलं नव्हतं.

मधूनच मी त्याच्याकडे बघायची. त्याचा हात एका लयीत चालला होता. डोळे कोरडे होते. माझेच सारखे भरून येत होते आणि मास्कमुळे नाक पुसता येत नव्हतं.

शेवटची तुळई दाराजवळची. ती त्यानं केली. फडका घडी करून पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं आणि खाली उतरला. मला वाटलं तो पिशवी ठेवून घेईल. मी काही म्हणणार नव्हते. त्यानं ती सरळ बाहेर नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि परत आला.

"पुरे झालं त्याचं ही धूळ वाहणं," तो म्हणाला.

मग दालनाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आम्ही आत असताना मास्क काढायचा नाही हा माझा नियम होता, आणि त्यासाठी मी साहेबांनासुद्धा झापलं होतं. हेंकनं माझ्यासमोर मास्क काढला. डोळे मिटले आणि छाती भरून एक श्वास घेतला. लांब, न अडखळता, पोटापर्यंत. तो सोडला.

"हा माझा," तो म्हणाला.

मग त्यानं दुसरा श्वास घेतला, पहिल्यापेक्षा सावकाश.

"हा त्याचा."